तात्या-आक्कांचा अबोला

तात्या कोरडे वारले त्यात कोणाचं काही भलं होणार असेल, तर ते रभाजीमहाराजांचं होतं. म्हणजे खरं तर त्यांच्या मुलाचं. पण बाप आणि मुलगा वेगळे धरायची आमच्याकडं पद्धत नाही.

"गफूर, आजचं प्रवचन नीट पार पडलं की सुदामचं काम झालं म्हणून समज," महाराज म्हणाले. ते माझ्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसले होते. मागं कर्णे, बॅटरी आणि अँप्लिफायर खडखडत होते. सकाळची थंडी होती आणि आम्ही घोडनदीच्या घाटाकडं तात्यांच्या दहाव्याला निघालो होतो.

"बबूशेठ बोललेत का तसं?"

"तोंडानं कशाला बोलतील? पण काल स्वतः घरी आले. म्हणाले, 'महाराज, तात्यांचा दहावा तुमच्याकडं.' आणि निघताना उंबऱ्यात थांबून विचारलं, 'सुदाम कितवीला शिकवतो हल्ली?' आता शाळा त्यांची. त्यांना ठाऊक नाही होय तो कितवीला शिकवतो ते?"

हिशेब बरोबर होता. तात्यांचे चिरंजीव बबूशेठ आमच्याकडच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. सुदाम बीएड होऊन त्यांच्याच हायस्कुलात बिनपगारी शिकवत होता, जागा मंजूर झाली की पहिला नंबर तुझा, या बोलीवर. बोली करून इतकी वर्षं झाली होती की त्यानं शिकवलेली पहिली पोरं आता स्वतः बीएडला होती. त्या साली एकदाची एक जागा आली. तिच्यावर आणखी तिघांचा डोळा होता. पण त्या तिघांचे बाप दहाव्याला टॉवेल-टोपी घेऊन येणार होते, आणि रभाजीमहाराजांच्या हातात माईक असणार होता.

माझा स्पीकरचा धंदा. लग्नं, सभा, दहावे, काही वर्ज्य नाही. तांबोळी असूनही पंचक्रोशीतले बहुतेक दहावे मी ऐकलेत आणि त्यातले निम्मे तरी रभाजीमहाराजांचे. त्यांचं प्रवचन मला पाठ होतं. देह म्हणजे भाड्याची खोली, आत्मा म्हणजे भाडेकरू. मुदत संपली की खोली सोडायची. रिकाम्या हातानं आलो, रिकाम्या हातानं जायचं, बरोबर काही न्यायचं नाही. कुठल्या वाक्याला आवाज खाली येणार आणि कुठं ते उपरण्यानं डोळे टिपणार हे ठाऊक असल्यामुळं मी बटण आधीच फिरवून ठेवायचो.

"महाराज, त्या भाडेकरूला एकदा डिपॉझिट तरी परत मिळू द्या," मी म्हणालो.

"हस तू. अरे, दहाव्याला कोणी विचार करायला येत नाही. धीर घ्यायला येतात. तेवढा दिला की झालं."

घाटावर मांडव पडला होता. पलीकडं आमदारांची जीप उभी होती. खुर्चीवर तात्यांचा हार घातलेला फोटो होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं आणि ओठ घट्ट मिटलेले. तात्या जिवंतपणी असेच दिसायचे. मी एक कर्णा चिंचेला बांधायला वर चढलो. खाली वाकळेवर तात्यांच्या कारभारीण, आक्का, बसल्या होत्या. त्यांनी सुनेला पाठवून महाराजांना बोलावून घेतलं. त्यामुळं पुढचं सगळं मी फांदीवरून ऐकलं.

"बस रभाजी. आमच्या गोठ्यात खेळून मोठा झालास, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नको."

"राग कसला, आक्का."

"सावरगावच्या दहाव्याला तू म्हणालास, खोली पडली तरी भाडेकरू राहतो."

"हो. आत्मा अमर आहे."

"असू दे. मला एवढंच सांग, त्याला मागचं आठवतं का?"

"मागचं म्हणजे?"

"आमचा अबोला होता. तुला ठाऊक असेलच."

ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. बारा-तेरा वर्षं ही दोघं एका छपराखाली राहून एकमेकांशी बोलली नव्हती. हातभर अंतरावर बसून 'सूनबाई, ह्यांना सांग चहा निवतोय' असं चालायचं. सून माहेरी गेली की निरोप म्हशीमार्फत जायचे. म्हशीला उद्देशून तात्या म्हणायचे, 'आज भाकरी दोनच पुरे.' आणि ताटात दोनच पडायच्या.

"कशावरून झाला होता तो?" महाराजांनी विचारलं.

"तेच तर मला आठवत नाही."

मी वर गाठ मारता मारता थांबलो.

"काहीतरी होतं," आक्का म्हणाल्या. "तेव्हा मोठं वाटलं होतं. पुढं चार-दोन वर्षांत माझ्या डोक्यातनं निघून गेलं. पण ह्यांच्या तोंडावरनं दिसायचं की ह्यांना चांगलं आठवतंय. म्हणून मग मी पण धरून बसले."

"अहो, मग विचारायचं नाही का त्यांना?"

"विचारलं असतं तर बोलल्यासारखं झालं असतं ना."

फांदीवर बसून हसू दाबणं अवघड असतं. पण खाली कोणी हसत नव्हतं.

"आता तू सांग," आक्का म्हणाल्या. "तुझ्या भाडेकरूला आठवत असलं, तर अबोला चालू आहे. उद्या मी वर गेले की पुन्हा तेच तोंड. आणि आठवत नसलं, तर मग गेला तो कोण? ज्याला मी आठवत नाही, तो माझा नवरा कसा? आणि आता कुणालाच आठवत नसलं, तर आम्ही एवढी वर्षं गप्प बसलो ते कशापायी?"

महाराजांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "आक्का, मी प्रवचनातच सांगतो ते."

"सांग. मी पुढंच बसते."

मी खाली उतरलो तसे मांडवाकडं जाताना ते माझ्या बाजूला आले. "गफूर, आठवतं का रे?"

"काय?"

"आत्म्याला."

"मला काय विचारता? आमचं खातं वेगळ्या बँकेत."

"तुमच्यात काय सांगतात?"

"सांगतात बरंच. पण हे कोणी विचारल्याचं मला ठाऊक नाही. मीही विचारलेलं नाही."

खाली पाण्याकाठच्या दगडावर भटजींनी पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघत मागं सरकले. वर महाराजांनी सुरुवात केली. सुरुवात नेहमीची आणि चांगली झाली. तात्यांचे कष्ट, विहीर, संस्थेला दिलेली जमीन. बबूशेठनी डोळे पुसले, आमदारांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, सुदामला पहिल्या पगाराचे पेढे मागायचे. मग महाराज खोलीवर आले.

"माउलींनो, हा देह म्हणजे भाड्याची खोली. मुदत संपली की भाडेकरू खोली सोडतो. आणि सोडताना तो..."

मी बटण फिरवून आवाज खाली घेतला. पुढं 'बरोबर काही नेत नाही' येणार होतं.

"सोडताना तो बरोबर..."

महाराज थांबले. बायकांच्या पुढच्या रांगेत आक्का बसल्या होत्या आणि त्यांच्याकडं बघत होत्या. रागानं नाही. दवाखान्यात नंबर लागल्यावर माणूस डॉक्टरच्या तोंडाकडं बघतो, तसं.

महाराज पुढं काही बोलेनात. माना माझ्याकडं वळल्या. स्पीकरवाल्याच्या धंद्यात वक्ता अडकला तरी दोष वायरीचा असतो. "गफूर, बघ रे काय झालं," कोणीतरी कुजबुजलं. मी खाली वाकलो. वायर ठीक होती, दिवा लागला होता आणि कर्ण्यांतून महाराजांचा श्वास सगळ्या नदीवर ऐकू येत होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले माजी सरपंच धोंडीभाऊ उठून उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले. धोंडीभाऊंना वाटलं, श्रद्धांजलीचं मौन सुरू झालं. त्यांचं बघून आमदार उठले. आणि आमदार उभे असताना बसून राहील असं आमच्या तालुक्यात कोणी नाही. आख्खा घाट उभा राहिला, डोळे मिटून, टोप्या हातात घेऊन. बबूशेठही उभे राहिले.

आता मौन सुरू करणाराच शेवटी 'शांती' म्हणतो आणि मग लोक बसतात. पण हे मौन कोणी सुरूच केलं नव्हतं, त्यामुळं ते संपवायचं कोणी? महाराज उभे राहून माईककडं बघत होते. लोकांना वाटलं ते ध्यानात आहेत. आमदारांनी एक डोळा किलकिला केला, बबूशेठचे मिटलेले बघून पुन्हा मिटून घेतला. एक म्हातारा टेकायला काठी शोधत होता. डोळे उघडे असलेला मी एकटाच, कारण मला वायरीचा दोष शोधायचा होता. म्हणून कावळा मला दिसला.

तो पलीकडच्या काठावरनं आला, दगडावर उतरला, पिंडाला दोन-तीन वेळा चोच मारली, भाताचा घास उचलला आणि उडून गेला. कसली घाई नाही, आढेवेढे नाहीत. दहा दिवस कोरडे मंडळी ज्याच्या काळजीत होती, ते एवढ्यात उरकलं आणि कोणी बघितलं नाही.

मग कर्ण्यांतून आवाज आला, "मला माहीत नाही."

लोकांनी डोळे उघडले. काही बसले. काही उभेच राहिले, की अजून काही म्हणायचं आहे. महाराज सतरंजीवर बसून घेत होते.

"काय माहीत नाही म्हणाले?" मागं एकानं विचारलं.

"कोणास ठाऊक."

"समाधी लागली होती त्यांना. घशाला कोरड पडते तशात."

"समाधी कसली? वाक्य विसरले."

इकडं हे चालू असताना तिकडं भटजी ओरडले, "अहो, पिंड फुटलाय." सगळे दगडाकडं धावले.

"शिवला वाटतं."

"कधी? कोणी बघितला?"

"मी बघितला," मी म्हणालो. "आत्ता, सगळे उभे होते तेव्हा."

धोंडीभाऊंनी माझ्याकडं आणि मग भटजींकडं बघितलं. "गफूरची साक्ष चालती का हो याला?"

"कावळ्याला चालली," मी म्हणालो. "त्यानं माझ्याकडं बघून जेवण केलं."

"कुत्र्यानं तोंड घातलं असेल," दुसरा एक म्हणाला.

"पण शिवला असला आणि आपण बघितला नसला, तर शिवला म्हणायचा की नाही?"

"शिवणं महत्त्वाचं की बघणं?"

"अरे, तात्यांना शांती मिळायची, का तुला बघायला मिळायचं?"

"आपल्याला दिसल्याशिवाय कळणार कसं मिळाली म्हणून?"

यावर भटजी दर्भाच्या काड्या मोजत बसले. त्या सकाळी घाटावर सगळा गाव विचार करत होता आणि कोणालाच सवय नव्हती. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, एसटी चुकली पण कुठली ते कळत नाही, असा भाव होता. मीही त्यातच. दिसलेला कावळा खरा की नाही, याबद्दल मलाच शंका येऊ लागली.

बबूशेठ मात्र गोंधळले नव्हते. ते सरळ माझ्या अँप्लिफायरपाशी आले, महाराजांना हाताला धरून उठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काय चालवलंय महाराज? आमदार बसलेत. लोक काहीबाही बोलायला लागलेत. म्हणतात तात्यांचा जीव अडकलाय म्हणून तुमची वाचा बसली."

"बबूशेठ, आक्कांनी एक विचारलंय..."

"आईचं सोडा हो. तिला दहा दिवस झोप नाही. माईक घ्या आणि दोन वाक्यं बोला. तात्या सगळं विसरून शांत झाले. संपलं. तिलाही बरं वाटेल."

"विसरले का, ते मला..."

"महाराज." बबूशेठनी माईक स्वतःच्या हातानं त्यांच्या हातात दिला. "सुदामचं मी बघतोय. बघतोय ना?"

महाराज माझ्याकडं वळले. का ते कळलं नाही. मी मानेनं खुणावलं, बोलून टाका. दोन वाक्यं तर होती. रोजचीच होती. आणि आक्कांना धीर मिळाला असता तर त्यात वाईट काय होतं, तेही मला दिसत नव्हतं.

महाराजांनी माईक तोंडाशी नेला. लोक दगडावरून परतले आणि मिळेल तिथं बसले.

"आक्का," ते म्हणाले. प्रवचनाचा आवाज नव्हता, ओसरीवरचा होता. "तात्या सगळं विसरून शांत झाले, असं मी सांगावं असं बबूशेठ म्हणतात. सांगायला मला काही लागत नाही. आजवर सांगतच आलो. पण तुम्ही विचारलंत म्हणून आत बघायला गेलो, तर तिथं काही नाही. भाडेकरूला आठवतं का नाही, मला माहीत नाही. इथं बसलेल्या कोणालाच माहीत नाही."

त्यांनी माईक स्टँडला लावला आणि बसले.

बबूशेठनी मला हातानं खूण केली, बंद कर. मी बटणावर हात ठेवला. पण तोवर आक्का उठल्या होत्या. गुडघ्यावर हात देत त्या तात्यांच्या फोटोपाशी गेल्या. माईक तिथंच शेजारी उभा होता.

"ऐकलं का?" त्या फोटोला म्हणाल्या आणि कर्ण्यांतून ते दोन्ही काठांवर गेलं. "ह्या शहाण्यांत कोणालाच माहीत नाही."

त्यांनी फोटोवरचा हार सारखा केला.

"कशावरून होतं ते मला आठवत नाही हो. तुम्हाला आठवत असलं तर राहू द्या तुमच्यापाशी. मी माझ्या बाजूनं बोलते आजपासून." त्या जरा थांबल्या. पहिलं काय सांगावं ते सुचत नसावं. मग म्हणाल्या, "म्हैस गाभण आहे. तुम्ही गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन सांगून गेला."

बायकांत कोणीतरी हुंदका दिला, कोणीतरी हसलं. सून पदर तोंडाला लावून बसली होती. ती काय करत होती ते दिसलं नाही. आक्का बोलत राहिल्या. पत्र्याची गळती, थोरल्या नातीला आलेलं स्थळ, भेटायला कोण आलं आणि कोण आलं नाही. बबूशेठ पुन्हा पुन्हा माझ्याकडं हात करत होते आणि माझा हात बटणावर होता. तो का फिरला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. भीड म्हणावी, तर बबूशेठची भीड जास्त होती.

आक्का दमून बसल्यावर लोक पुन्हा कावळ्याकडं वळले. शिवला की नाही यावर एकमत होईना, म्हणून दुसरा पिंड ठेवला. डोळे सताड उघडे ठेवून सगळे बसले. ऊन चढलं. आमदार गेले. कावळा फिरकला नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून तो शिवून घेतला आणि माणसं जेवायला पांगली. बबूशेठ आमच्याशी बोलले नाहीत.

"शाळेकडं घे," महाराज टेम्पोत बसत म्हणाले. "सुदामला दुसऱ्या कोणाकडनं कळायला नको."

मी गाडी काढली.

"दोन वाक्यं होती महाराज. रोज बोलता ती."

"रोज मला ठाऊक नव्हतं, की मला ठाऊक नाही."

"मग आता ठाऊक झालं त्याचा उपयोग काय?"

"तेच बघतोय."

"आक्कांना बरं वाटलं म्हणावं, तर ते तुमच्या दोन वाक्यांनीही वाटलं असतं."

"वाटलं असतं?"

"नसतं वाटलं?"

"गफूर, मला विचारू नको. आज मी फार काही विचारायच्या अवस्थेत नाही, आणि सांगायच्या तर नाहीच." मग स्वतःशीच म्हणाले, "पोराचं मी आधी धरायला हवं होतं. धरलंही होतं. माईक हातात घेईपर्यंत धरलं होतं."

सुदाम आठवीच्या वर्गावर होता. खिडकीतून आम्हाला बघून बाहेर आला. हाताला खडू, बाह्या दुमडलेल्या. शर्ट बायकोनं घरी धुतलेला, पण इस्त्रीचा. बिनपगारी असला तरी तो इस्त्रीशिवाय शाळेत येत नसे. महाराजांनी व्हरांड्यात उभं राहून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बबूशेठनी काय देऊ केलं होतं तेही सांगितलं.

सुदामनं ऐकून घेतलं. "आक्कांनी खरंच असं विचारलं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, माहीत नाही."

"दोनदा," मी म्हणालो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

सुदाम वडिलांकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा काहीतरी लागेल असं बोलणार, आणि बोलला असता तर बरंच झालं असतं. आत पोरांचा गलका वाढला होता.

"बरं," तो म्हणाला. "तास संपवून येतो."

आणि तो आत गेला. आम्ही व्हरांड्यात उभे राहून तो तास पुरा ऐकला.

जागा त्याच महिन्यात भरली. टॉवेल-टोपी घेऊन आलेल्यांपैकी एकाचा मुलगा लागला. सुदाम दिवाळीपर्यंत शिकवत राहिला आणि मग चाकणला एका कारखान्यात रात्रपाळीला लागला. पोरं भेटली की अजून 'सर' म्हणतात. तो हात वर करतो. एकदा माझ्या टेम्पोतून येताना मी विचारलंच, "बापाचा राग येतो का रे?" म्हणाला, "गफूरभाई, राग कोणाचा धरू, इथंच गाडी अडते. आक्कांचा धरावा, तर त्यांनी साधं विचारलं. बापाचा धरावा, तर ते खोटं बोलले नाहीत. बबूशेठचा धरतो कधी कधी. पण त्यांचाही बाप गेला होता."

महाराज अजून दहाव्यांना जातात, पण प्रवचनाला कोणी बोलावत नाही. घरच्यांत जाऊन बसतात, कोणी काही विचारलं तर बराच वेळ विचार करतात, आणि बहुतेक वेळा उत्तर न देताच उठतात. काही लोक त्यांना मुद्दाम बोलावतात. का, ते त्या लोकांना सांगता येत नाही. संस्थेचं गॅदरिंग पुढं दुसऱ्या स्पीकरवाल्याकडं गेलं. तेवढी झळ मला लागली आणि ती सोसण्यासारखी होती. आक्का आणखी बरीच वर्षं जगल्या आणि रोज संध्याकाळी फोटोपाशी बसून दिवसभराचं सगळं सांगत गेल्या. सून म्हणते, घरात इतकं बोलणं तिनं लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

हे चांगलं झालं की वाईट, याची बेरीज मी बऱ्याचदा मांडून बघितली, पण ती दर वेळी वेगळी येते. एक रकाना तेवढा बदलत नाही. प्रश्न आक्कांना पडला, उत्तर महाराजांना सापडलं नाही, मौनाला उठले धोंडीभाऊ आणि बटणावर हात माझा होता. भरलं ते सुदामनं, आणि तो तर त्या वेळी घाटावरही नव्हता. तो आठवीला शिकवत होता.